जयेशच्या नावाची किल्ली

प्रिय सई आणि ओजस,

परवा ओजस फोनवर माझ्यावर वैतागला. घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड एकाच ठिकाणी ठेवणारं एक ॲप तुम्ही घेतलंत. आईबाबांनी आपापले पासवर्ड त्यात टाकले, फक्त आजीचे राहिले. "आजी, तू एकतीस वर्षं आयटीत काढलीस आणि तूच घाबरतेस?" असं तो म्हणाला. मी हवापाण्याचं बोलून विषय बदलला. फोन ठेवल्यावर वाटलं की या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं होतं. ते उत्तर लांब आहे आणि माझ्या दृष्टीने फारसं भूषणावह नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. सईला मराठी भरभर वाचता येतं. तिने ओजसला वाचून दाखवावं. तुमच्या आईनेही वाचलं तर हरकत नाही. तिलाही यातलं अर्धंच माहीत आहे.

मी ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आयटी हेड होते, तिचं मुख्य ऑफिस ठाण्यात घोडबंदर रोडवर होतं. कळव्यापासून टिटवाळ्यापर्यंत आमची कलेक्शन सेंटर्स होती. रक्त तिथे घ्यायचं, तपासणी ठाण्यात व्हायची आणि रिपोर्ट डेटाबेसमध्ये जायचा. डेटाबेस म्हणजे कॉम्प्युटरमधली भलीमोठी वही. पेशंटचं नाव, वय, पत्ता आणि तपासणीचे आकडे, सगळं त्या वहीत.

अशा वह्या आणि बाकीचं काम सांभाळणारे चाळीस मोठे कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, आमच्याकडे होते. ते नीट चालू आहेत ना, हे पाहायला एक मॉनिटरिंग सॉफ्टवेअर होतं. त्याचं काम आपल्या सोसायटीच्या वॉचमनसारखं. दर पाच मिनिटांनी प्रत्येक सर्व्हरपाशी जायचं, जिवंत आहे का बघायचं आणि भिंतीवरच्या टीव्हीवर त्या सर्व्हरचं वर्तुळ हिरवं किंवा लाल करायचं. आता आत डोकावायचं तर वॉचमनकडे किल्ली हवी. ही किल्ली म्हणजे लॉगिनचं नाव आणि पासवर्ड. सॉफ्टवेअरमध्ये या किल्ल्या साठवायची एक जागा असते. एकदा किल्ली तिथे टाकली की पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात. तो कोणाला वाचता येत नाही. वापरता मात्र येतो, आणि ज्याला ते सॉफ्टवेअर उघडता येतं त्या प्रत्येकाला येतो. ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून माहीत होती.

किल्ली कशी द्यायची याचा नियम सोपा आहे. वॉचमनसाठी वेगळी किल्ली करायची. तिला सर्व्हिस अकाउंट म्हणतात. ते कोणा माणसाचं नसतं आणि त्याला "चालू आहेस का" एवढंच विचारता येतं. पेशंटची वही त्याला उघडता येत नाही.

माझ्या हाताखाली जयेश भोईर नावाचा सिस्टिम इंजिनीअर होता. तेव्हा तिशीचा असेल. डोंबिवलीच्या पूर्वेला, आता चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत अशा एका जुन्या गावातला. वडील लवकर गेले होते. घरी आई आणि धाकटी बहीण. त्याच्या हातात फार सफाई होती. सर्व्हर रूममधल्या केबल तो अशा बांधायचा की बघत राहावं. मी प्रत्येक गोष्ट डायरीत लिहिते म्हणून तो माझी चेष्टा करायचा. "मॅडम, आज चहाला आलं कमी होतं, तेपण लिहा."

आमच्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा असे. तपासणीची यंत्रं, रक्ताचे फ्रीज, जनरेटर, आणि शेवटी सर्व्हर रूम. त्या वर्षी टीव्ही नवा होता. लॅबचे मालक, ज्यांना आम्ही सगळे मोठे डॉक्टर म्हणत असू, ते पूजेला बसणार होते आणि फोटो सगळ्या सेंटरना जाणार होते. आदल्या दिवशी दुपारी टीव्हीवर अकरा वर्तुळं लाल होती. सर्व्हर ठीक होते. मॉनिटरिंगकडे त्या अकरा डेटाबेसची किल्लीच नव्हती, म्हणून लाल. सर्व्हिस अकाउंट करायला रिपोर्टच्या सॉफ्टवेअरवाल्या कंपनीचा माणूस लागणार होता आणि तो दिवाळीनंतर येणार होता.

मोठे डॉक्टर येऊन टीव्हीकडे बघून गेले. "मॅडम, उद्या पूजेला हे लाल बरं दिसणार नाही," एवढंच म्हणाले.

मी जयेशला बोलावलं. "तुझं लॉगिन टाक त्याच्यात."

"माझं? मॅडम, माझ्या लॉगिनला सगळं दिसतं. पेशंटचे रिपोर्टपण."

"दिवाळीपर्यंतच. मग काढू."

"टाकतो. पण लिहून ठेवा हां डायरीत. नाहीतर उद्या बोलाल, जयेशनेच केलं."

तो हसत बोलला होता. मीही हसत लिहिलं. 'जयेशचं लॉगिन मॉनिटरिंगला, माझ्या सांगण्यावरून. तात्पुरतं. दिवाळीनंतर काढणे.'

दुसऱ्या दिवशी चाळीसच्या चाळीस वर्तुळं हिरवी होती. टीव्हीला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले. मोठे डॉक्टर खूष झाले.

दिवाळीनंतर त्या कंपनीचा माणूस आला, दुसरंच काम करून गेला. मी त्याला सर्व्हिस अकाउंटचं सांगायचं विसरले असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मला आठवत होतं. सगळं चालू होतं, म्हणून मी त्याला हात लावला नाही. पुढे साठ दिवस झाले. आमच्याकडे दर साठ दिवसांनी प्रत्येकाला पासवर्ड बदलावा लागे. तो नियम मीच केला होता. जयेशने आपला पासवर्ड बदलला आणि मॉनिटरिंगकडे जुनाच राहिला. अकरा वर्तुळं लाल झाली. मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. मी नवा पासवर्ड तिथे टाकायला लावला आणि जयेशच्या लॉगिनपुरता तो नियम बंद केला, म्हणजे त्याचा पासवर्ड कधीच बदलावा लागू नये. अख्ख्या कंपनीत तेवढी एकच सूट होती.

अशी तीन वर्षं गेली. दर खंडेनवमीला टीव्हीला हार पडत होता.

आणखी एक सांगायला हवं. तो टीव्ही ज्या कॉम्प्युटरवर चाले, त्याला एक सामायिक लॉगिन होतं. त्याचं नावच 'टीव्ही'. तीन शिफ्टची माणसं, कधी लाइट गेली तर पुन्हा चालू करता यावं म्हणून पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून स्क्रीनखाली चिकटवला होता. चौदा माणसांना तो माहीत होता. ती चिठ्ठी मी रोज बघत होते.

माझ्या रिटायरमेंटला अडीच महिने उरले होते. एका मंगळवारी सकाळी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये एक गृहस्थ चार नातेवाइकांना घेऊन येऊन बसले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, बोटात दोन अंगठ्या. एके काळी भातशेती, आता तीन इमारती. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि मोडलं होतं. मुलीचं नाव मी लिहीत नाही. ते तेव्हा पुष्कळांच्या तोंडी झालं होतं, तेवढं पुरे.

लग्नाआधी तिने आमच्या डोंबिवली सेंटरला तपासणी केली होती. रिपोर्टमध्ये थॅलेसेमिया मायनर आलं होतं. सई, तुला हे कॉलेजात शिकवलं असेल. मुलीला आजार काही नाही. जोडीदारातही तोच दोष असेल तरच होणाऱ्या मुलांची काळजी. लग्नाआधी तपासून घ्या अशी पत्रकं आम्हीच वाटत होतो. पण मुलाकडच्यांच्या मोबाइलवर कोणीतरी त्या रिपोर्टचा फोटो पाठवला, खाली 'मुलगी आजारी आहे' असं लिहून. आम्ही रिपोर्ट मुलीच्या हाती द्यायच्या आधी तो त्यांच्याकडे पोचला होता.

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "हा फोटो तुमच्या हितूनच गेलाय. कोनी काढला ते सांगा, आम्ही जातो."

मला, जयेशला आणि एचआरच्या सावंतांना आत बोलावलेलं होतं. मी फोटो पाहिला. स्क्रीनचा फोटो होता. आमच्या छापील रिपोर्टला निळी चौकट आणि वर लॅबचं नाव असतं. यात तसलं काही नव्हतं. करड्या रंगाच्या चौकोनात टाइपरायटरसारखी साधी अक्षरं, एका ओळीत नाव, वय, आकडे. तो चौकोन मी ओळखला. मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये टेस्टची एक जागा असते. डेटाबेस उत्तर देतो की नाही हे पाहायला तिथे एखादा प्रश्न लिहून बटण दाबायचं. सॉफ्टवेअर साठवलेली किल्ली लावतं आणि उत्तर त्या करड्या चौकोनात दाखवतं. किल्ली लहान असेल तर उत्तरही लहान येतं. अकरा डेटाबेसना लावलेली किल्ली लहान नव्हती.

सावंतांनी लॉगची प्रिंट काढून आणली होती. लॉग म्हणजे कोणता रिपोर्ट कोणी, कधी उघडला याची आपोआप होणारी नोंद. त्या मुलीच्या रिपोर्टपुढे दोन ओळी होत्या. एक सही करणाऱ्या डॉक्टरांची. दुसरी शनिवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं, जयेश भोईर.

"भोईर? कुठला भोईर?" मुलीच्या वडिलांनी मान वर केली.

जयेशने गावाचं नाव सांगितलं. गाव एकच होतं.

"बाळाराम भोईरचा पोर का तू?"

"हो, काका."

मग जयेश माझ्याकडे वळला. "मॅडम, शनिवारी मी टिटवाळ्याला गेलेलो. राउटर बसवायला. सेंटरवाल्यांना विचारा."

"लॉगिन करायला ऑफिसातच बसावं लागतं का?" सावंत म्हणाले. "टिटवाळ्याहून होत नाही?"

"होतं," जयेश म्हणाला.

"प्रधान मॅडम, हे लॉगिन जयेशचंच ना?"

मी म्हणाले, "हो."

उत्तर बरोबर होतं. विचारलं तेवढंच सांगितलं होतं. माझी डायरी समोर टेबलावर होती. जयेशने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग त्या डायरीकडे. बराच वेळ तो डायरीकडेच बघत राहिला. त्याला जायला सांगितलं तेव्हा उठला. दुपारपर्यंत त्याला सस्पेंड केल्याचं पत्र निघालं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी लॉग स्वतः उघडला. सावंतांनी फक्त नावाचा रकाना वाचला होता. शेवटी आणखी एक रकाना असतो, लॉगिन कोणत्या कॉम्प्युटरवरून झालं त्याचा नंबर. जयेशच्या लॅपटॉपचा नंबर सत्तावन्नवर संपत होता. त्या ओळीतला नंबर बारावर. बारा म्हणजे मॉनिटरिंगचा सर्व्हर. मग मी मॉनिटरिंगची स्वतःची नोंद पाहिली. त्याच शनिवारी, तीन वाजून आठ आणि तीन वाजून दहा मिनिटांनी, 'टीव्ही' या लॉगिनने टेस्टचं बटण दोनदा दाबलं होतं. जयेशचा संबंध एवढाच, की माझ्या सांगण्यावरून त्याची किल्ली तिथे पडून होती.

दोन्ही नोंदींची प्रिंट काढून मी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. मोठ्या डॉक्टरांची केबिन माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होती. ते आत होते, दिवा चालू होता. मी घरी आले.

पुढचे दिवस मी स्वतःला काय काय सांगितलं तेही लिहून ठेवते. आधी पूर्ण खात्री करू. त्या शनिवारी ड्यूटीवर कोण होतं ते शोधू. चौकशी समिती बसेलच, तेव्हा मांडू. खरं कारण वेगळं होतं. ही प्रिंट दाखवली की पुढचा प्रश्न येणार होता: जयेशची किल्ली तिथे टाकली कोणी? आणि पासवर्डचे नियम तर मी करत होते. तीनच महिन्यांपूर्वी सगळ्या सेंटरना मी त्यावर लेक्चर दिलं होतं.

घरी तुमचे आजोबा माझ्या निरोप समारंभाचं भाषण टाइप करत होते. "'निष्कलंक सेवा' लिहू की 'प्रदीर्घ सेवा'?" त्यांनी विचारलं.

"प्रदीर्घ लिहा," मी म्हणाले.

जयेशने दोनदा फोन केला. मी उचलला नाही. अकराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, मेसेज आला. 'मॅडम, आज बहिणीची हळद. पत्रिका मागेच दिलेली. जमलं तर या.' बाकी एक अक्षर नाही.

मी गेले. डोंबिवली स्टेशनवरून रिक्षा केली. पाच वाजता पोचले. त्यांच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं काम. सगळं गाव लोटतं. मांडव पाचशे माणसांचा घातला होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्या दहा-दहाच्या चळतीत तशाच उभ्या होत्या, सुट्या कोणी केल्याच नव्हत्या. डीजेवाला स्पीकरवर बसून मोबाइल बघत होता. मोठमोठ्या पातेल्यांवर झाकणं होती. मांडवात माणसं बावीस. मी मोजली, ती माझी सवय आहे.

जयेशच्या आई पुढे आल्या. हात हळदीने पिवळे झालेले. "बसा मॅडम. खुर्च्या लय हायत."

मी बसले. त्याच म्हणाल्या, "कोन नाय आलं. धवलारीन पन नाय आली. तिची पन गावात रोजी हाय ना, ती तरी काय करल."

धवलारीण म्हणजे त्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई. हळदीपासून प्रत्येक विधी ती गाण्यातून चालवते. ती नाही, तर हळद मुकी लागते. जिचा रिपोर्ट फुटला त्या मुलीच्या वडिलांनी कोणाला जाऊ नका असं सांगितलं नव्हतं म्हणे. ते स्वतः आले नाहीत, तेवढं पुरलं. नवरी पाटावर बसली होती. दोन मावश्या तिला गप्पपणे हळद लावत होत्या. आई मधेच एखादी ओळ म्हणत, ती तुटे, पुन्हा दुसरी सुरू करत.

"मॅडम, तुमी मोठ्या हाव हापिसात," त्या मला म्हणाल्या. "आमचा पोर असा करील का वो? त्या पोरीला त्यानी खांद्यावं खेलवलंय."

"नाही करणार," मी म्हणाले. "त्याने केलेलं नाही. मला माहीत आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कवापासून माहीत हाय?"

मला त्यांच्यासमोर खोटं बोलता आलं नाही. "पहिल्या दिवसापासून."

त्यांनी हात पदराला पुसले आणि नवरीकडे गेल्या.

जयेश मांडवाच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी उभा होता. मी म्हणाले, "जयेश, तो फोटो टेस्टच्या चौकोनाचा आहे."

"माहितेय मॅडम. मीपण बघितला ना."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो. सावंत सरांना दुसऱ्या दिवशी फोन केलेला. ते बोलले, तुझं लॉगिन तिथे टाकायला कोणी सांगितलं, लेखी आहे का काही? माझ्याकडे कुठे लेखी आहे. तुमच्या डायरीत आहे. मला वाटलं, मॅडम काढतील. रोज वाटायचं, आज काढतील."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसतं सांगत होता, सर्व्हर का बंद पडला ते सांगावं तसं.

सोमवारची वाट पाहायला मला आता कारण उरलं नव्हतं. रविवारी सकाळी नऊ वाजता मी मोठ्या डॉक्टरांच्या घरी गेले. ड्रॉवरमधल्या प्रिंट आदल्या संध्याकाळीच ऑफिसातून आणल्या होत्या. त्या आणि डायरीचं ते पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी शांतपणे वाचलं. हुशार माणूस, दोनच प्रश्न विचारले.

"म्हणजे फोटो कोणी काढला, हे कळणार नाही?"

"नाही सर. कोणत्या खुर्चीवरून काढला ते कळतं. खुर्चीवर कोण बसलं होतं ते नाही. चौदा जणांना पासवर्ड माहीत होता, त्यातले सहा जण त्या दिवशी ड्यूटीवर होते."

"मॅडम, तुमचे दोन महिने राहिलेत. हे आत्ता बाहेर काढून काय साधणार?"

"जयेशचं नाव सर."

"त्याला परत घेऊ ना. सावंतांना सांगतो."

त्यांनी शब्द पाळला. सोमवारी सावंतांनी पत्र काढलं: 'तांत्रिक कारणास्तव कारवाई मागे घेण्यात येत आहे.' मी म्हणाले, यात त्याने केलं नाही असं कुठे आहे? सावंत म्हणाले, "मॅडम, त्याने केलं नाही असं लिहिलं, तर मग कोणी केलं ते लिहावं लागेल. आणि लॅबची चूक हेपण लिहावं लागेल. वकील नाही म्हणतात."

तेव्हा मी स्वतः पत्र लिहिलं. मराठीत, एक पान, कोणालाही कळेल असं. जयेशचं लॉगिन मॉनिटरिंगमध्ये मी टाकायला लावलं, तीन वर्षं मी काढलं नाही, रिपोर्ट त्या किल्लीने दुसऱ्या कोणीतरी उघडला, आणि हे मला अकरा दिवस माहीत असून मी गप्प बसले. लॅबचं लेटरहेड मिळालं नाही, म्हणून साध्या कागदावर लिहिलं. खाली माझं नाव, हुद्दा, सही. मोठ्या डॉक्टरांना एक प्रत दिली. त्यांनी ती वाचली आणि मला उरलेले दिवस रजा घ्यायला सांगितलं. निरोप समारंभ झाला नाही. तुमच्या आईला आम्ही सांगितलं की मलाच नको होता.

पत्र घेऊन मी रिपोर्टवाल्या मुलीच्या वडिलांकडे गेले. त्यांनी मला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं. मी पत्र वाचून दाखवलं, लॉगचा शेवटचा रकाना समजावून सांगितला. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती.

"म्हणजे माझा रिपोर्ट कोणी बघितला ते कधीच नाही कळणार?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "आणि त्यालाही मीच जबाबदार आहे."

ती आत गेली. वडिलांनी पत्राची घडी घालून परत माझ्या हातात दिली. "कागद बरोबर असंल मॅडम. मी 'नाय' बोलत नाय. पन त्याचे बहिनीची हलद तं झाली ना. ती काय परत लागनार हाय?"

जयेश एकच दिवस कामावर आला. चार्ज द्यायला मीही त्या दिवशी ऑफिसात होते. त्याने राजीनामा टाइप केला, प्रिंट काढली, सही केली. मग मॉनिटरिंग उघडलं, साठवलेल्या किल्ल्यांच्या यादीत जाऊन स्वतःचं नाव निवडलं आणि डिलीट केलं. पाच मिनिटांत टीव्हीवर अकरा वर्तुळं लाल झाली. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. बॅग उचलली, मला "येतो मॅडम" म्हणाला आणि गेला. मोठ्या डॉक्टरांचे फोन सुरू झाले. त्या सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस फोनवर मिळाला. सर्व्हिस अकाउंट तयार व्हायला चाळीस मिनिटं लागली.

त्या सहा जणांपैकी एकाने महिन्याभरात नोकरी सोडली. त्यावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून मी कोणाचं नाव घेत नाही, मनातही घेत नाही. एकदा नुसत्या नावावरून काय झालं ते मी पाहिलं आहे. जयेश आता कल्याणला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. मी दोनदा गेले. त्याने चहा मागवला, लॅपटॉप साफ करून दिला. आता तो चेष्टा करत नाही.

तेव्हा ओजस, तुझं उत्तर. मशीनमध्ये माणसाची किल्ली ठेवू नये. ठेवावीच लागली तर ती काढायची तारीख लिहावी, आणि 'तात्पुरतं' ही तारीख होत नाही. तुमच्या ॲपमध्ये मी माझे पासवर्ड टाकणार नाही. ते बंद पाकिटात कपाटात आहेत, आईला जागा माहीत आहे. माझ्यानंतर उघडा.

माझ्या पत्राची मी दिलेली प्रत जयेशच्या आईंनी लॅमिनेट करून घेतली आहे. गावात कुठे लग्नाला गेल्या तर ती पिशवीत असते. ती डायरी माझ्याकडे आहे. आणि लॅबच्या लॉगमध्ये त्या शनिवारची ओळ आहे. रिपोर्ट उघडणारा, जयेश भोईर. लॉगमधलं कोणालाही बदलता येऊ नये, हा नियम मी केला होता. तो अजून पाळला जातो.

तुमची आजी